मास्तरांचे साडेसहाशे वॅट

मित्रांनो, संगणक सुरू झाला की तुम्ही पडद्याकडे बघता. माझ्याकडे कोणी बघत नाही. डब्याच्या कोपऱ्यात बसून भिंतीतली वीज आत घेणारा आणि ती सगळ्या भागांना वाटून देणारा मी पॉवर सप्लाय आहे. आता जुना झालो आहे आणि थोडा कडवटही. माझ्या अंगावर ‘साडेसहाशे वॅट’ असे लिहिले आहे. या एका आकड्यावरून मी भाऊबहिणीला एकमेकांचे तोंड बघेनासे होताना पाहिले आहे.

कारखान्यात माझ्या पोटात तांब्याची वेटोळी आणि एक चिमुकला पंखा असे दाबून बसवले होते, की श्वास घ्यायला जागा नव्हती. माझी थोरली भावंडे मोठ्या डब्यांत ऐसपैस बसतात. मी बुटाच्या खोक्याएवढ्या संगणकांसाठी.

मला विकत घेतले एका शिंप्याने. सगळे त्यांना मास्तर म्हणत. शिलाई मशीनशेजारच्या फळीवर मावेल, पण मोटारींच्या शर्यती खेळता येतील असा संगणक त्यांना जुळवायचा होता. मुलगा आणि मुलगी बरोबर होती. दुकानातल्या बाईंनी बेरीज करून दाखवली. चित्रे उमटवणाऱ्या कार्डाला दोनशे वॅट, प्रोसेसरला शंभर, बाकी सगळ्याला पन्नास. मुलगा म्हणाला, साडेचारशेचा पुष्कळ झाला, मोठा घेतला तर उगाच विजेचे बिल वाढेल. ते खरे नव्हते. मी मागितले तेवढेच देतो. टाकी मोठी आहे म्हणून नळ जास्त वाहत नाही. बाईंनीही तेच सांगितले, आणि हेही सांगितले की खेळ रंगात आला की कार्ड क्षणभर दुपटीने वीज ओढते.

मास्तरांनी मला हातात घेतले. शिवणीत आत जास्तीचे कापड दुमडून ठेवायची त्यांची सवय होती. त्याला ते माया म्हणत.

“बसल्यावर उसवेल अशी पँट मी गिऱ्हाइकाला देत नाही,” ते म्हणाले.

“बाबा, ही पँट नाही.”

“म्हणून तर जपायचं. याला रफू करता येत नाही.”

बाई हसल्या, मुलगीही हसली. मुलगा हसला नाही. त्या दिवसापासून तो शिलाईच्या दुकानात फारसा फिरकला नाही.

संगणकासमोर दोन खुर्च्या होत्या. काम आटोपले की एकीवर मास्तर बसत, दुसरीवर मुलगी. ती मोटार चालवायची आणि मास्तर नकाशा बघून वळणे सांगायचे. “डावीकडे, सावकाश. अगं सावकाश म्हटलं ना!” तरी मोटार झाडावर आदळायची आणि मास्तर झाडाला शिव्या द्यायचे. दुकानात हवेत सारखा कापसाचा धुरळा. तो माझ्या जाळीवर बसायचा आणि मला धाप लागायची. मशीन साफ करायच्या ब्रशनेच मास्तर माझी जाळी बाहेरून झाडत. तेवढेच माझे कौतुक. मला ते पुरत होते.

मग मास्तर गेले. शटर बरेच दिवस बंद राहिले. उघडले ते मुलाने, आणि त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर होता.

त्याने मला उपसून काढले आणि माझ्या जागी स्वतःचा थकलेला साडेचारशेचा बसवला. बहिणीला विचारले नाही. स्वतःच्या छोट्या संगणकात त्याने भलेमोठे नवे कार्ड घातले होते. त्याची बेरीज मात्र केली नव्हती. माझ्यावरचा आकडा मोठा, एवढेच त्याला माहीत. मी त्याच्या डब्यात जीव तोडून राबलो. ते कार्ड एकदम हिसका मारून माझ्या ताकदीबाहेरची वीज ओढायचे, की मला स्वतःला बंद करून घ्यावे लागायचे. तो डब्यावर थपडा मारायचा आणि मला खटारा म्हणायचा. जाळी एकदाही झाडली नाही.

एका दुपारी बहीण आली. उभ्या उभ्याच बोलली.

“दादा, बाबांचा संगणक शर्यत सुरू झाली की बंद पडतो. बाबांची आणि माझी एकच शर्यत उरली होती. उघडून पाहिलं तर आत तुझा सप्लाय.”

“घरातलंच घरात आहे. मी काय चोरी केली?”

“विचारायचं होतंस.”

“तू दिलाच नसतास. बाबांच्या खुर्चीवरसुद्धा कोणाला बसू देत नाहीस.”

“तू आलास कधी बसायला?”

“कुठे बसणार होतो?” तो म्हणाला. “दोनच तर खुर्च्या होत्या.”

त्यानेच मला ओढून काढले आणि तिच्यासमोर आपटले. “घेऊन जा. तसाही कमीच पडतो.”

मला त्याची कीव आली, असे म्हणायला हवे. आली नाही. खाली आपटल्यावर कीव येत नाही. पण परतीच्या वाटेवर तिच्या पिशवीत मला ते शब्द टोचत राहिले. प्रत्येक शिवणीत जागा सोडणारे मास्तर तिसऱ्या खुर्चीला जागा सोडायला विसरले होते.

तिने मला माझ्या जागी बसवले, ब्रशने जाळी झाडली आणि ती शेवटची शर्यत सुरू केली. संगणक बंद पडला नाही. वळणे सांगायला कोणी नव्हते. पहिल्याच झाडावर मोटार आदळली. तिने झाडाला शिवी दिली, अगदी मास्तरांच्या आवाजात, आणि मग बराच वेळ डोके टेबलावर टेकवून बसली.

मित्रांनो, संगणक जुळवाल तेव्हा बेरीज करा. त्यावर थोडी जागा सोडा. आकड्याला भुलू नका आणि दुसऱ्याच्या डब्यातून न विचारता काही काढू नका. दादा अजून आलेला नाही. त्याला कोणी बोलावलेलेही नाही. पण काल तिने शेजारून एक स्टूल मागून आणले, झटकले आणि दोन खुर्च्यांच्या शेजारी ठेवले. ठेवताना तिचा चेहरा चांगलाच रागीट होता.