समजा, निघाली

मी एक जुनी रबरी बाहुली आहे. मित्रांनो, लगेच हात पुढे करू नका. मी खेळण्यातली बाहुली नाही. माझा जन्म मार खाण्यासाठीच झाला आहे, आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते मार बंद झाला तेव्हा.

कारखान्यात मला घडवलं तेव्हा माझं वजन खऱ्या तान्ह्या बाळाएवढं ठेवलं. डोकं जड, मान लुळी, हातपाय मऊ. माझ्या घशात एक हिरवी रबरी गोळी बसवायची सोय केली. मला हातावर पालथं धरायचं, डोकं खाली ठेवायचं आणि दोन खांद्यांच्या मधोमध जोरात फटका द्यायचा. फटका नीट बसला तरच गोळी बाहेर उडते. नुसतं थोपटलं तर ती ढिम्म हलत नाही. मला तपासणारी बाई म्हणाली होती, "चांगली हट्टी आहे." ती माझी पहिली शाबासकी.

तिथून मी एका पाळणाघरात आले. बाळांच्या खोलीत काचेच्या कपाटावर मला जागा मिळाली. खाली ओळीने पाळणे, मध्ये जाड सतरंजी, कोपऱ्यात धुतलेल्या दुपट्यांचा ढीग. या खोलीत काम करायचं तर आधी शिकायचं आणि परीक्षा द्यायची, असा नियम होता. शिकायला येणाऱ्या बायकांनी माझं नाव 'गुणी' ठेवलं, कारण मी रडत नाही, दूध मागत नाही, ठेवलं तिथे पडून राहते. मोठ्या माणसांना गुणी बाळ म्हणजे असंच बाळ हवं असतं, हे मी तेव्हाच ओळखलं.

शिकवायला एक म्हाताऱ्या सिस्टर येत. त्यांची सगळी नोकरी इस्पितळात लहान मुलांच्या वॉर्डात गेली होती. तोंडात गोड शब्द म्हणून नाही. त्या माझ्या घशात गोळी बसवायच्या, ओठांना निळा खडू फासायच्या आणि न सांगता मला दुपट्यांत टाकून द्यायच्या. बायका गप्पांत रंगलेल्या असायच्या. कोणाचं लक्ष गेलं नाही, की मागून एकच शब्द यायचा, "मेलं." फटका हलका बसला तरी तेच. "मेलं. पुन्हा." रोज मी त्या खोलीत इतक्यांदा मरायचे की मला त्याचं काही वाटेनासं झालं. रडणाऱ्या मुलाची घाई करू नका, पण गप्प झालेल्याकडे आधी धावा, हे सिस्टर बायकांच्या डोक्यात ठोकून बसवायच्या. बायका त्यांना माघारी काय काय म्हणायच्या, ते तुमच्यासमोर सांगत नाही.

त्या बायकांत एक होती मावशी. पाळणाघरात मुलांसाठी सगळ्याच मावश्या, पण ही एका बाळाची खरीखुरी मावशी होती. तिच्या थोरल्या बहिणीचा, म्हणजे ताईचा मुलगा लवकरच आमच्याकडे येणार होता. त्याच्या खोलीत आपणच असावं, एवढीच तिची इच्छा. मुलांना तिचा भारी लळा होता. पण तिचा हात काही उठत नसे. ती मला फटका द्यायची आणि लगेच पाठीवरून हात फिरवायची, जणू माझी माफी मागते आहे. गोळी कुठली निघतेय. "मेलं. पुन्हा." असं रोज. सिस्टरनी तिला प्रत्येक परीक्षेत नापास केलं आणि मालकीणबाईंना सांगितलं, की हिला मोठ्या मुलांकडे ठेवा, बाळांजवळ नको.

मावशी घरी जाऊन ढसाढसा रडली. बहिणीचे अश्रू ताईला बघवेनात. ती तडक पाळणाघरात आली आणि मालकीणबाईंच्या समोर उभी राहिली.

"लेकरांच्या घरात दिवसभर मेलं, मेलं करतात, हे बोलणं झालं का? माझी बहीण जीव टाकते हो मुलांवर. माझं बाळ मी तिच्याच हातात देणार, नाहीतर देणारच नाही."

मालकीणबाईंना कटकट नको होती. उद्यापासून येऊ नका, असं त्यांनी सिस्टरना सांगून टाकलं. सिस्टर वाद घालत बसल्या नाहीत. त्यांनी मला हातावर पालथं घेतलं, एक सणसणीत फटका दिला, उडालेली गोळी झेलली, पुसून पुन्हा माझ्या घशात बसवली आणि चपला घालून निघून गेल्या.

मग सर आले. हसतमुख, गोड बोलणारे, सगळ्यांना 'ताई, ताई' करणारे. पहिल्याच दिवशी एका बाईने माझ्या तोंडात बोट घालून गोळी उकरायचा प्रयत्न केला. गोळी निघायच्या ऐवजी आत सरकली आणि थेट माझ्या पोटात गेली. सिस्टर असत्या तर त्या बाईची काही धडगत नव्हती. घशात अडकलेल्या वस्तूला बोटाने ढोसायचं नसतं, ती आणखी आत जाते. सर मात्र हसले. "असू दे हो. समजा, गोळी घशात आहे."

त्या दिवसापासून आमच्या खोलीत 'समजा'चं राज्य सुरू झालं. समजा, अडकली. समजा, फटके मारले. मग मला हळूच पाचदा थोपटायचं, सर म्हणायचे, "समजा, निघाली," की मला उभं करून खांद्यावर घ्यायचं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या. सगळ्या पास झाल्या. मावशी पहिली आली. मला हलवलं की पोटात गोळी वाजायची, तर बायका म्हणायच्या, आमच्या गुणीच्या पोटात खुळखुळा आहे. माझं सगळीकडे कौतुकच कौतुक. नवी गोळी आणायची कोणाला आठवण झाली नाही.

ताईचं बाळ आलं. गोरंगोमटं नव्हतं, पण टपोऱ्या डोळ्यांचं आणि भलतं रडकं. त्याच्या आवाजाने काच थरथरायची.

एका दुपारी मोठ्या मुलांना द्राक्षं दिली होती. एक हिरवं द्राक्ष घरंगळत आमच्या दाराशी आलं. बाळ नुकतं रांगायला लागलं होतं. त्याने ते उचलून तोंडात टाकलं. एकदा खोकलं आणि गप्प झालं. मावशी पाठमोरी बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती.

"आज किती गुणी झालंय माझं सोनं," ती म्हणाली आणि पुढची घडी घातली.

मित्रांनो, मी वरून बघत होते. त्याचे ओठ निळे होत होते, आणि खडू कोणीच लावला नव्हता.

मग मावशी वळली. ती किंचाळली नाही, घाबरून पळाली नाही. तिला शिकवलं होतं तसंच तिने केलं. बाळाला हातावर पालथं घेतलं. पाचदा थोपटलं. "निघाली," म्हणाली आणि त्याला उभं करून खांद्यावर घेतलं. बाळाने मान टाकली. तिला वाटलं, शांत झालं. ती त्याला थोपटत येरझाऱ्या घालू लागली. स्वयंपाकाच्या बाई दूध घेऊन आल्या, त्यांनी बाळाचा चेहरा बघितला आणि हातातलं भांडं खाली पडलं. द्राक्ष काढलं ते रुग्णवाहिकेतल्या माणसांनी.

बाळ वाचलं. वाचलं म्हणजे श्वास घेतं.

चौकशी झाली. आमच्या सगळ्या बायका शिकलेल्या आहेत, असं मालकीणबाईंनी सांगितलं. मी नीटच शिकवलं, बाहुली खराब होती, असं सरांनी सांगितलं. मावशी एवढंच म्हणत राहिली, की सरांनी शिकवलं तसंच मी केलं, आणि ते खरं होतं. मी काही बोलू शकत नाही, म्हणून सगळं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. सर दुसऱ्या पाळणाघरात शिकवायला गेले. तिथेही टाळ्या वाजत असतील.

काही दिवसांनी ताई आली. मावशी आपलं सामान न्यायला आली होती, तिच्या मागोमागच. ताई रडत नव्हती. बाळ आता ठेवलं तिथे पडून राहतं, छताकडे बघत, दूधसुद्धा मागत नाही, असं तिने सांगितलं. काल एक शेजारीण म्हणाली, किती गुणी आहे हो तुमचं बाळ. एवढं बोलून तिने मला कपाटावरून खाली घेतलं. मी वाजले.

"हे काय वाजतंय?"

"गोळी, ताई. आत गेलीये, निघत नाही."

"मग परीक्षेत काय काढलंस?"

"समजा, असं म्हणायचं होतं," मावशी म्हणाली.

ताईने मला तिच्या हातात दिलं. "काढ."

मावशीने मारलं. हळूच. सवयीने पाठीवरून हातही फिरवला.

"पुन्हा," ताई म्हणाली. हा शब्द कोणाचा, ते दोघींनाही ठाऊक होतं. ताईचा चेहरा क्षणभर उतरला, पण ती थांबली नाही. "पुन्हा."

मावशी मारत गेली. जोरात, आणखी जोरात, रडत रडत, दात खाऊन. शेवटी माझ्या बगलेतला जोड फाटला आणि गोळी टुणकन फरशीवर पडली.

"निघाली, ताई. निघाली."

ताईने गोळी उचलली, पुसली आणि माझ्या घशात घट्ट बसवली. मला परत मावशीच्या हातावर पालथं घातलं.

"पुन्हा."

त्या दुपारी ती गोळी किती वेळा निघाली, कोण जाणे. शेवटी शेवटी तर एका फटक्यात निघत होती. मावशीचा हात छान बसला होता. सिस्टरनी तिला नक्की पास केलं असतं. मग ताईने गोळी शेवटची माझ्या घशात बसवली आणि बहिणीकडे वळूनही न बघता निघून गेली.

आता मी जिन्याखाली एका खोक्यात पडून आहे. मित्रांनो, जुन्या वस्तू सांगतात, आम्हाला जपा, हळू हाताळा. मी तसं मुळीच सांगणार नाही. तुम्ही मोठे व्हाल, कधीतरी कोणाचं तरी बाळ तुमच्या भरवशावर सोपवलं जाईल. त्याआधी मला या खोक्यातून बाहेर काढा आणि मारा. माझी दया करू नका आणि 'समजा' म्हणू नका. गोळी अजून माझ्या घशात आहे, आणि थोपटून ती निघत नाही.