टेकडीवरच्या टाकीची भेग
सूनबाईंच्या कॉम्प्युटरवर सासऱ्यांची टाकी रोज ढासळत होती.

टेकडीवरची ती पाण्याची टाकी सासऱ्यांनी उमेदीच्या काळात, स्वतः उभं राहून बांधून घेतलेली. आता तिच्या भिंतीला भेग गेली होती. भेगेतून पाणी झिरपतं, सिमेंटातला चुना विरघळवून नेतं आणि भिंत आतून कमकुवत होते. हे किती वेगानं होईल याचं गणित मांडायचं हाच सूनबाईंचा पेशा, त्यामुळे टाकी ठेवायची की पाडायची हा प्रश्न नेमका तिच्याच टेबलावर येऊन पडला. "टाकी माझ्या सासऱ्यांनी बांधलीय," हे तिनं साहेबांना आधीच सांगून टाकलं. साहेब म्हणाले, "मग तर तुम्ही डोळ्यांत तेल घालून कराल." केलं बिचारीनं. इतकं तेल घातलं, की समोरचं दिसेनासं झालं.

गणित म्हणत होतं, पाडा. घरी तिनं अवाक्षर काढलं नव्हतं, पण काम तिच्याकडे आल्याचं गावभर झालं होतं आणि सासऱ्यांच्या तोंडाला कुलूप लागलं होतं. एरवी जेवताना "आज सिमेंटात कुठवर रुतलीस?" म्हणून तिला छळणारा माणूस आता मान खाली घालून जेवायचा आणि उठायचा. टाकीवरून त्यांनी आपल्यावर राग धरलाय, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं. तीही मग काही ना काही कारण काढून ऑफिसातच रेंगाळायला लागली.

शेजारच्या टेबलावर रसायनवाली बसायची. तिला सगळे 'शंकेखोर' म्हणत आणि तिला ते आवडायचं. एका दुपारी चहासाठी किटली भरायला निघालेली ती पडद्याकडे पाहून थबकली.

"बाई गं, एवढा चुना? पाणी कुठलं धरलंयस?"

"डिस्टिल्ड. त्यात क्षार नसतात, म्हणून चुना तेच सगळ्यात जास्त खातं. वाईटात वाईट धरलं. घरचं म्हणून सांभाळून घेतलं, असं कुणी म्हणायला नको."

"म्हणून गावाला बॅटरीचं पाणी पाजतेस?" शंकेखोरनं रिकामी किटली तिच्या नाकासमोर धरली. तळाला पांढरा थर चढला होता. "आपलं पाणी हे असं. हे चुना नेईल, की भेगेत आणून बसवेल?"

सूनबाईंनी कपाळाला हात लावला. घोडं तिथंच पेंड खात होतं. टाकीतल्या खऱ्या पाण्याची तपासणी मागवून तिनं गणित पुन्हा चालवलं. सुरुवातीला थोडा चुना गेला, मग भेगेतच नवा थर धरत गेला आणि गळती मंदावली. आनंद व्हायला हवा होता. पण आपल्याला हवं तेच उत्तर आलं, याचीच तिला धास्ती वाटली. "भिंतीचा तुकडा काढून बघितल्याशिवाय मी सही करणार नाही," ती साहेबांना म्हणाली.

पाणी भेगेच्या खाली उतरवून कामगारांनी भेगेवरूनच गोल नमुना कापून काढला. सासरेही आले होते, पण हात मागे बांधून लांब उभे राहिले. नमुना फोडला. सूनबाईंनी त्यावर औषध फवारलं. चुना शाबूत असेल तिथं ते गुलाबी होतं, गेला असेल तिथं रंग येत नाही. तिचा जीव टांगणीला लागला होता. बघता बघता सगळा तुकडा गडद गुलाबी झाला. भेगेच्या कडेला तेवढी दोऱ्याएवढी बिनरंगी रेघ राहिली, आणि भेगेत पांढरा, टणक थर. तिचा जीव भांड्यात पडला.

सासरे जवळ आले. त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला.

"आणि रंग आला नसता तर?"

"तर पाडा म्हणाले असते, बाबा."

"म्हणायलाच हवं होतंस. लोक पाणी पितात तिचं." त्यांनी तुकडा खाली ठेवला. "म्हणून तर मी गप्प होतो. म्हटलं, आपण एक शब्द काढायचो आणि पोरीचा हात अडखळायचा. पण तू उशिरा यायला लागलीस. टाकी काय, नवी बांधता येते गं. घर सुनं वाटायला लागलं."

सूनबाईंना हसूही आलं आणि रडूही. तिनं दोन्ही होऊ दिलं. मग अहवाल उद्या देते म्हणून साहेबांना कळवलं आणि सासऱ्यांच्या बरोबरीनं टेकडी उतरायला लागली.