सिंपल म्हणजे कसा

"साधा म्हणा, सरळ म्हणा, वन्सं, पण ते 'सिंपल' तेवढं गाळू नका," दुर्गावहिनी सुमंगलाच्या कानाशी कुजबुजल्या. "हल्ली मुलीवाले तेच मागतात."

सुमंगलाने हातातला कागद पुन्हा उलटा केला. टेकरीखालच्या हॉलमध्ये माळव्यातल्या मराठी घरांचा वधूवर मेळावा भरला होता. पोरं सगळी हिंदी शाळांतली. मराठी चार ओळी वाचायच्या तरी घाम फुटायचा. म्हणून परिचय घरच्या कुणीतरी बाईने वाचायचा, असा रिवाजच पडून गेला होता. धारच्या मंडळींचे परिचय सुमंगला वाचायची. आज मात्र पाळी भाच्याची होती.

अर्पित दोघींच्या मधे बसला होता. एकोणतीस वर्षांचा, कडक इस्त्रीचा, केस आईने, दुर्गावहिनींनी, पाणी लावून विंचरलेले. "आत्या, पोहे केव्हा?"

"झालं हं, राजा."

त्याचं वय वाढत गेलं, समज मागे राहिली. घरात हे कुणी बोलत नसे. शब्द मात्र बदलत असत. आधी 'सीधा' होता. लोक तो ऐकून एकमेकांकडे बघायला लागले, तसा 'भोळा' आला. तोही विटला, मग 'शांत'. शेवटी 'सिंपल' पाहुणा म्हणून आला आणि घरजावई होऊन बसला. 'वडिलांच्या दुकानात बसतो' हे तर खरंच होतं. बसायचाच.

खातेगावच्या मंडळींना पत्रिका पसंत होती, स्थळही पसंत होतं. आजच बोलणी उरकू म्हणत होते. त्यांची ईशानी समोरच बसली होती, पाय हलवत. सुमंगलाला तिच्याकडे बघवेना आणि दुसरीकडेही बघवेना. पदराचं टोक पिळून पिळून दोरी झालं होतं.

"अगला परिचय, धार से," माइकवरून सूत्रसंचालन करणारा चिराग म्हणाला.

सुमंगला उठली. नाव, गोत्र, उंची वाचली. त्या शब्दापाशी थांबली. वहिनी खालून बघत होत्या. तिने वाचला.

"काकू, एक विचारू?" ईशानी उभी राहिली. "सिंपल म्हणजे कसे?"

"म्हणजे व्यसन नाही, बेटा," जयसिंगरावांनी, अर्पितच्या वडिलांनी, जागेवरूनच सांगितलं. "सुपारीचंसुद्धा."

"गऊ है, गऊ," अर्पितचे मामा म्हणाले. थोडा हशा पिकला.

"सिंपल यानी डाउन टू अर्थ," चिरागने भर घातली.

"भिया, एकाच्या जागी दुसरा शब्द ठेवताय तुम्ही लोक," ईशानी चिरागला म्हणाली. "मी शाळेत इंग्रजी शिकवते. पोरांना सांगते, अर्थ पाठ नको, वाक्यात वापरून दाखवा. यांचा कालचा दिवस सांगा ना. सकाळपासून."

तिच्या वडिलांनी तिला बसायची खूण केली. ती बसली नाही. सुमंगलाने कागद उलटसुलट केला; कालचा दिवस त्यात कुठे असणार?

अर्पितने मात्र वर्गात करतात तसा हात वर केला. "मी सांगू? काल आईने माझी नखं कापली. मी रडलो नाही. विचारा आईला."

कुणी हसलं नाही. पोहे वाढणाराही हातात पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याचा डबा घेऊन तिथेच थबकला. दुर्गावहिनी उठल्या तसा जयसिंगरावांनी त्यांचा पदर धरला. "बैस गं. मी बोलतो."

"तुम्ही काय बोलणार? सुपारीचं?" पदर सोडवून घेत त्या म्हणाल्या. मग ईशानीकडे वळल्या. माइक कुणीतरी पुढे केला, तो त्यांनी हातानेच बाजूला सारला.

"सात वर्षांचा होता, पोरी, ताप डोक्यात गेला. तेव्हापासून तो सातच वर्षांचा आहे. मी गेल्यावर त्याची नखं कोण कापणार, म्हणून आम्ही मुलगी बघतोय."