रुमालातला खिळा

चुंबकाला चिकटलेला तुकडा दीड इंच लांब, सरळ आणि एका टोकाला चपटा होता. सीताने पाहताक्षणी ओळखला. खिळा होता तो. सरणात खोक्यांच्या जुन्या फळ्या घातल्या होत्या, त्यातला.

"सापडला!" मारुतीने तो घाईघाईने रुमालात गुंडाळला. "दादाच्या पाठीतला तोफगोळ्याचा तुकडा. गावच्या चौकातल्या स्मारकात काचेखाली बसवू."

सीताच्या नवऱ्याचा, पोपटचा, हा धाकटा भाऊ राख सावडायला कालच बुलडाण्याहून आला होता. येताना 'शहीद' लिहिलेला फलक घेऊन आला, आणि पोपट-सीता राहायचे त्या नवागामात उतरल्या उतरल्या कापडाच्या लूमच्या मिस्त्रीकडून चुंबक मागून घेतलं. सकाळी स्मशानाच्या दारातच त्याने सीताला अडवलं होतं, "बायकांचं काय काम इथं? घरी बसा, वहिनी."

ती बसली नव्हती. सव्वीस वर्षं पोपटची जखम तिनेच धुतली होती. कारगिलहून तो आला तेव्हा पाठीतले दोन तुकडे काढलेले होते. तिसरा मणक्याला लागून, म्हणून डॉक्टरांनी तो राहू दिला. एक्स-रेमध्ये तो वालाच्या दाण्याएवढा, एका अंगाला वाकलेला दिसायचा. अधूनमधून त्याच्याभोवती पू धरायचा. या खेपेला पू रक्तात भिनला, आणि मंगळवारी दुपारी खिडकीजवळच्या खाटेवर पोपटने प्राण सोडला.

"अस्थीही स्मारकातच ठेवायच्या," मारुती म्हणाला. "मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

"गावाला. तुम्हाला काय कळतं त्यातलं?"

"मला वास कळतो, भाऊजी. हे कारगिलहून गावी आले तेव्हा वास येतो म्हणून तुम्ही यांची खाट गोठ्यात टाकली होती."

"जुनं उकरू नका. लोक ऐकतायत."

"ऐकू द्या. अकरा दिवस. म्हशीशेजारी."

मडकं धरून उभी असलेली साक्षी म्हणाली, "आई, चल ना." सीता खाली बसली. कंबरेच्या जागची राख तिने बोटांनी हलकेच बाजूला केली. एका हाडाखाली तो होता. काळा, वाकलेला, वालाएवढा.

"हा बघा. तुमच्या रुमालात खिळा आहे."

मारुतीचा चेहरा उतरला, पण हात पुढे आलाच. "द्या इकडं! तुमच्या बापाची वस्तू नाही ती."

तिने तुकडा मडक्यात टाकला.

माझं काही गावी नेऊ नको, असं पोपट दर दिवाळीला म्हणायचा. ती दर वेळी "बघू" म्हणायची. तिचं माहेरही त्याच गावात होतं, आणि तोडलं की दोन्ही घरं तुटणार होती.

"भाऊ विचारतील तुझे," मारुती आता एकेरीवर आला होता. "पुन्हा दारात उभं करणार नाहीत."

सीताने साक्षीच्या हातातून मडकं घेतलं.

"गावी काही जाणार नाही," ती म्हणाली. "ना यांची राख, ना मी. तापीत सोडतेय. आत्ताच."