रंगूची झोप

मिठाच्या सत्याग्रहाच्या आदल्या उन्हाळ्यात रंगूला दात येत होते आणि झोप आमच्या अख्ख्या मिठागराची उडाली होती. पोर दिवस बघेना, रात्र बघेना. मधे कुडाची भिंत, शेजारणीनं कान कुठं नेऊन ठेवावेत? मी वेणूबाई, सात पोरं वाढवलेली बाई, पण रंगूपुढं मीसुद्धा हात टेकले.

तिची आई कमळ दिवसभर मिठाच्या पाट्या वाही. बाप दयाराम भरतीला खाडीचं पाणी आगरात घ्यायला जाई, मग भरती कधीचीही असो. "तू पड, मी घेतो तिला," हा म्हणे. "न्हाय, तुमी पडा," ती म्हणे. आणि कुणीच पडत नसे. माझा नवरा पोर रडलं की घराबाहेर पळे, त्यामुळं मला या दोघांचं कौतुकही वाटे आणि मेल्यांचा रागही येई.

आमच्यात कामाच्या दिवसांत पोराला अफूची मोहरीएवढी गोळी दुधात उगाळून देत. सगळ्याच देत. दिवसाला एकच, हे कुणाला सांगावं लागत नसे.

त्या दिवशी ऊन चढलं तरी शेजारून हूं की चूं नाही. बरं वाटायचं सोडून माझा जीव खालीवर व्हायला लागला. जाऊन बघते तर दयाराम भुईवर घोरतोय आणि झोळीत रंगू. गाल थोपटले, हलवलं, पोर डोळा उघडेना. एक श्वास आला की दुसऱ्याची वाट बघावी लागत होती.

दयारामला मी लाथेनं उठवलं, खोटं कशाला सांगू. "पोरीला काय दिलंस मेल्या?"

"गोळी. पहाटं आलो तवा कमळ बसल्या बसल्या डुलत व्हती. म्हटलं, घटकाभर तिचा डोळा लागंल."

माझा आवाज ऐकून कमळ पाटी टाकून धावत आली होती. तिनं झोळीतून पोर उचलली.

"मीबी दिली," ती म्हणाली. "कामावर जाताना. म्हटलं, रातभर पान्यात उभे व्हते, ह्यांना झोप मिळंल."

आता शिव्या तरी कुणाला द्यायच्या?

डॉक्टर उरणात. आम्ही बांधाबांधानं निघालो. "झोपू देऊ नका तिला," मी बजावलं. दयाराम तळव्यांना टिचक्या मारी, कमळ ओल्या पदरानं तोंड पुशी. हा थकला की ती घेई, ती धापा टाकायला लागली की हा. मधेच दयाराम थबकला. "वेणूबाय, श्वास येईना." कमळनं पोर हिसकावली. आजवर पोरीवर हात न उगारलेल्या त्या बाईनं रंगूच्या पाठीत सणसणीत धपाटा घातला. पोर कण्हली, मग रडली.

डॉक्टरनं पुढं तिला वाचवलं. पण माझ्या डोळ्यांपुढून तो बांध जात नाही. रडणं जरा मंदावलं की दोघं थांबत आणि पोरीच्या मांडीला चिमटा काढत. कोवळी मांडी लालनिळी झाली होती.

"माज्याच्यानं न्हाय होत आता," दयाराम म्हणाला. त्याच्या डोळ्यांना धार लागली होती.

"तुमी तिकडं बघा," कमळ म्हणाली, आणि तिनं चिमटा काढला.