तिसरी ओळ

रबरी आजोबा गेल्या तीन वर्षांत निदान दोनशे वेळा मेले असतील, आणि दर वेळी चहाच्या सुट्टीनंतर पुन्हा जिवंत झाले. आजोबा म्हणजे नर्सिंग कॉलेजच्या सराव-खोलीतला बाहुला. त्याची छाती वरखाली व्हायची, मनगटाला नाडी लागायची आणि तो बोलायचासुद्धा. बोलायच्या अर्थात शिकवणाऱ्या बाई. काचेमागच्या चिंचोळ्या खोलीत माइकसमोर बसून बाई कण्हायच्या, खोकायच्या, "डॉक्टर, जीव घाबरतोय हो" म्हणायच्या, आणि बटणं दाबून आजोबांची नाडी चढवायच्या-उतरवायच्या.

या खोलीत शिकवायचं होतं एवढंच, की नर्स, डॉक्टर, औषधवाले अशा सगळ्यांनी मिळून एक माणूस कसा वाचवावा. पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. शेजारच्या मेडिकल कॉलेजला बाईंनी तीन वर्षांत अकरा पत्रं पाठवली, तिकडून डॉक्टरकीचं एक पोर फिरकलं नाही. मग खुंटीवरचा पांढरा कोट घालून नर्सिंगचीच एखादी मुलगी डॉक्टर व्हायची. कोट चढला की कुणी न शिकवता तिचा एक हात खिशात जायचा, आवाज चढायचा, आणि ती नर्सकडे न बघता बोलू लागायची. नर्स झालेली मुलगी पाच मिनिटांपूर्वी तिच्याच डब्यातलं खात असायची, तीही मुकाट व्हायची. बाकीच्या पोरी खिदळायच्या. बाईंना मात्र हसू यायचं नाही.

म्हणून बाईंनी प्रत्येकीच्या वहीत तीन ओळी लिहून घेतल्या होत्या. चूक दिसली तर एकदा सांगा. ऐकलं नाही तर कारणासकट पुन्हा सांगा. तिसऱ्यांदा हात धरा. पहिल्या दोन ओळी पुस्तकातल्या होत्या, तिसरी बाईंच्या पदरची. पंचवीस वर्षांपूर्वी एका बाळंतिणीपाशी त्या दोनदा सांगून थांबल्या होत्या. ती बाळंतीण काही चहाच्या सुट्टीनंतर उठली नाही.

बाईंची आणखी एक शिस्त होती. नोंदीत चूक झाली तर गिरगटायचं नाही. एकच सरळ रेघ मारायची, शेजारी सही आणि तारीख, म्हणजे आधी काय लिहिलं होतं ते वाचता आलं पाहिजे. "झाकायला आपण काय चोर आहोत?" असं बाई विचारायच्या.

शेवटच्या वर्षाच्या वर्गात बाईंची सख्खी भाची होती, धाकट्या बहिणीची मुलगी. शिकायला म्हणून ती बाईंकडेच राहायची. कॉलेजात बाई म्हणायचं, घरी मावशी, असा दोघींचा करार होता. जेवताना ती आजोबांच्या आवाजात "मावशी, मीठ वाढा हो, जीव घाबरतोय" म्हणायची आणि बाईंना ठसका लागायचा.

त्या दिवशी सकाळच्या राउंडला वॉर्डात भाचीची ड्यूटी होती. सातव्या खाटेवरच्या ट्रकवाल्याच्या मनगटावर लाल पट्टी होती, म्हणजे पेनिसिलिन चालत नाही. वॉर्डातल्या छोट्या, म्हणजे शिकाऊ, डॉक्टरांनी घाईघाईत नेमकं तेच इंजेक्शन भरलं.

"डॉक्टर, लाल पट्टी आहे," भाची म्हणाली.

"मला डोळे आहेत."

"डॉक्टर, यांना पेनिसिलिन चालत नाही. मागच्या वेळी घसा सुजून श्वास अडकला होता. केसपेपरवर लिहिलंय."

"तू नर्सिंगची ना? मग बाजूला उभी राहा."

त्यांनी सलाइनची नळी हातात घेतली, आणि भाचीने त्यांचा हात धरला. झटापटीत सुई त्यांच्याच तळहातात घुसली, सिरिंज फरशीवर पडली.

ट्रकवाल्याला काहीही झालं नाही. दुसऱ्या औषधाने बरा होऊन तो चार दिवसांनी चालत घरी गेला, आणि इथेच सगळं फसलं. जी चूक घडलीच नाही, तिचा पुरावा कुठून आणायचा? "देण्याआधी मी पट्टी बघणारच होतो," असं छोटे डॉक्टर म्हणाले, की संपलं. त्यांच्या तळहातावरची चिकटपट्टी मात्र सगळ्या इस्पितळाला दिसत होती.

चौकशी बसली. चौकशीच्या सकाळी मोठ्या साहेबांनी बाईंना आधी एकटीला बोलावलं. सगळं इस्पितळ आणि शेजारचं मेडिकल कॉलेज त्यांच्या हाताखाली होतं.

"तुमच्या एकत्र प्रशिक्षणाला मंजुरी देतोय," ते म्हणाले. "पुढच्या महिन्यापासून आमची मुलं येतील. प्रमुख तुम्हीच. फक्त हे प्रकरण शहाण्यासारखं मिटू द्या. डॉक्टरांच्या अंगावर हात टाकायला शिकवणारा वर्ग मला चालवता येणार नाही."

तासाभराने लांब टेबलापलीकडे साहेब आणि मेट्रन बसले होते. भाची दाराशी उभी होती. तिच्या एप्रनच्या खिशात वही होती आणि खिशावर तिचा हात होता. बाईंकडे ती अशी बघत होती, की आता बाई बोलतील आणि सगळं सरळ होईल.

"हात धरायला तुम्ही शिकवलंत?" साहेबांनी विचारलं.

"दोनदा सांगायला शिकवलंय. ते पुस्तकात आहे."

"हाताचं विचारतोय मी."

बाईंच्या डोळ्यांसमोर ती अकरा पत्रं आली. बाळंतीणसुद्धा आली, नाही असं नाही.

"नाही," बाई म्हणाल्या.

भाचीचा हात खिशावरून खाली आला. वही तिने काढलीच नाही. काढली असती तर बाई तिथल्या तिथे उघड्या पडल्या असत्या, हे दोघींनाही कळत होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथे तर संन्याशाने आपणहून मान पुढे केली. भाचीचं वर्ष गेलं.

घरी आल्यावर तिने बॅग भरली. बाई दारात उभ्या राहून बोलत राहिल्या. एका वर्षाचा तर प्रश्न आहे, पुढच्या वर्षी मी स्वतः बघते, वर्ग टिकला तर तुझ्यासारख्या किती जणींचं भलं होईल. ते शब्द त्यांना स्वतःलाच खोटे वाटत होते.

"आईला काय सांगशील?" बाईंनी शेवटी विचारलं.

"सांगेन, हात दाखवून अवलक्षण केलं." तिने चपला घातल्या, उंबऱ्याशी वळली. "येते, बाई."

घरात ती पहिल्यांदाच त्यांना बाई म्हणाली. मावशी म्हण गं, असं बाईंच्या ओठांवर आलं, पण ते मागायचं तोंड त्यांना राहिलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मेडिकलची मुलं खरंच आली. अकरा पत्रांनी जे झालं नाही ते एका ओरखड्याने केलं. पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या, पहिल्या रांगेत मोठे साहेब होते. डॉक्टरची भूमिका छोट्या डॉक्टरांचीच होती, आणि कोटही त्यांचा स्वतःचा. प्रसंग बाईंनी निवडला होता: आजोबांच्या मनगटावर लाल पट्टी. का निवडला, ते त्यांना धड सांगता आलं नसतं. कुणीतरी हात धरेल, अशी वेडी आशा असेल.

नर्स झालेल्या मुलीने एकदा सांगितलं. कारणासकट पुन्हा सांगितलं. मग तिने काचेकडे बघितलं. भिंतीशी उभ्या असलेल्या सगळ्याच पोरींनी काचेकडे बघितलं.

छोटे डॉक्टर सिरिंज धरून हसत थांबले होते. "मग? पुढे काय शिकवलंय?"

"एवढंच, डॉक्टर," मुलगी म्हणाली.

त्यांनी इंजेक्शन दिलं. ठरल्याप्रमाणे बाईंनी नाडी उतरवली. ऐंशी, चाळीस, वीस. पडद्यावरची रेघ सपाट झाली आणि यंत्र केकाटू लागलं. पाहुणे चुळबुळले. मोठ्या साहेबांनी काचेमागच्या खोलीत डोकं घातलं.

"अहो, आजच्या दिवशी कशाला मारताय म्हाताऱ्याला? उठवा त्याला."

बाईंनी बटण दाबलं. नाडी परत आली. साहेब तरीही हलले नाहीत, तेव्हा बाईंनी माइक जवळ ओढला.

"बरं वाटतंय हो, डॉक्टर," आजोबा म्हणाले.

टाळ्या पडल्या.

पाहुणे चहाला गेल्यावर नर्स झालेली ती मुलगी वही घेऊन आत आली.

"बाई, तिसरी ओळ खोडलीय. तुम्ही सांगता तशी, एकच रेघ. ओळ तुमची होती, म्हणून सही तुमची लागेल."

तिच्यामागे बाकीच्या पोरी वह्या घेऊन रांगेत उभ्या होत्या. रेघेखालचं अक्षर न् अक्षर वाचता येत होतं. बाईंनी सही केली, तारीख घातली, आणि पुढची वही मागितली.