नव्या घरातलं पहिलं दूध

टेम्पोतलं सामान अजून अर्धंअधिक उतरायचं होतं, आणि दारात ही गर्दी. गादीची वळकटी वाटेतच आडवी पडलेली, खिडकीच्या गजांना पोरं लटकलेली, आणि आत ओट्यावर पेटलेल्या गॅसवर एक लखलखीत पितळी पातेलं. सगळ्यांचे डोळे त्या पातेल्यावर खिळलेले होते.

नव्या घरात शिरलं की आधी दूध उतू घालवायचं, ही रीत सगळीकडचीच. पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीमागं शरणम्माच्या खोल्यांत भाड्यानं येणाऱ्याला तेवढ्यावर सुटका नव्हती. पहिलं दूध आपल्या भांड्यात तापवायचं नाही, घरमालकिणीच्या पितळी पातेल्यात तापवायचं, आणि तेही शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या देखत. शरणम्मा पातेलं आधीच घासूनपुसून ठेवी. भाडेकरूनं त्यात फक्त पेलाभर दूध ओतायचं.

रेश्मानं ते ओतलं आणि ती ओट्याला टेकून उभी राहिली. सकाळपासून तिला पाठ टेकायला मिळाली नव्हती. सहावा महिना चालू होता, पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांचे वळ उमटले होते. लग्नानंतरचं हे तिसरं भाड्याचं घर. दरवेळी तेच खोके, त्याच सुतळ्या आणि दरवेळी फुटणारी एखादी बरणी. दूध एकदाचं वर यावं आणि या सगळ्या मंडळींनी पेढा घेऊन आपापल्या घरी जावं, एवढंच तिचं मागणं होतं.

दूध वर आलं नाही. कडेला बुडबुडे धरले, मग मधोमध एक भेग पडली आणि बघता बघता दुधाचे गोळे एकीकडे आणि हिरवट पाणी एकीकडे झालं.

"फाटलं की परत," खिडकीतून कोणीतरी म्हणालं.

"मागच्यांचंबी असंच फाटलं हुतं," दुसरी म्हणाली. "त्यांच्या आदल्यांचंबी."

रेश्माचा हात आपसूक पोटावर गेला. मागच्या वर्षी, मागच्या घरात, चौथ्या महिन्यात तिचं मूल पोटातच गेलं होतं. ती एका खाजगी शाळेत आठवीला विज्ञान शिकवत होती. दूध फाटण्याचा आणि मूल जाण्याचा काही संबंध नसतो, हे तिनं कोणालाही फळ्यावर लिहून दाखवलं असतं. तरी ती घाबरली, आणि आपण घाबरलो याचीच तिला लाज वाटली.

तिची सासू रंभाबाई जेऊरहून सामान लावायला म्हणून आलेली. ती भिंतीला टेकून खालीच बसली. "ह्या घरात ऱ्हायाचं न्हाय," ती म्हणाली. "महिपती, टेम्पोवाल्याला थांबव."

महिपती टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर होता. तिथं तो पन्नास मागांच्या खडखडाटात ओरडून कामं करून घेई. आईपुढं मात्र त्याचं तोंड उघडत नसे. "आई, जुन्या घराची किल्ली दिली की मी," तो हळूच म्हणाला. "आता कुटं जायचं?"

शरणम्माचा चेहरा पडला होता. सत्तरीची बाई, मूळची अक्कलकोटकडची, घरात कन्नड आणि दारात मराठी बोलणारी. नवरा गेल्यापासून या खोल्यांच्या भाड्यावर तिचं चालत होतं. "जाऊ नका री," ती म्हणाली. "महाराजांना बोलवू या. आधीच्या सगळ्यांचं त्यांनीच दक्षिणा घेऊन बरं केलंय."

महाराजांना निरोप गेला आणि चहाला उकळी फुटायच्या आत महाराज हजर झाले. इतक्या तातडीनं तर गॅसचा सिलेंडरही येत नाही. त्यांचं खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं. फाटलेलं दूध सांधणारे म्हणून सगळी वस्ती त्यांना दूधमहाराज म्हणे. भगवी लुंगी, मनगटावर चकचकीत घड्याळ, खांद्याला झोळी. वाटेत, बोळाच्या तोंडाशी, दोघीतिघींनी त्यांना गाठून सगळी हकीकत सांगितली होती. ती ऐकून झाल्यावर आत येऊन त्यांनी डोळे मिटले आणि तीच हकीकत परत सांगितली.

"या बाईच्या पोटी जीव आहे," महाराज म्हणाले. "आधीचा एक जीव परत गेलेला आहे."

रंभाबाईनं दोन्ही हात जोडले. सहा महिन्यांचं पोट आंधळ्यालाही कळलं असतं. पण गर्दीत एक उसासा फिरून गेला.

"वास्तूची लहर असते. या बाईची लहर आणि घराची लहर जुळत नाही. घरानं हिला आत घेतलेलं नाही." महाराजांनी फाटलेल्या दुधाकडे बोट केलं. "हे नासलं, तसंच पोटातलं नासणार होतं. आम्ही वेळेवर आलो."

"उपाय सांगा, महाराज," रंभाबाई रडवेली झाली.

"उद्या सकाळी वास्तूची शांती करू. आधी घराच्या पातेल्यात दोष दिसेल, मग आमच्या भांड्यात दूध उतू जाईल. आणि आजपासून बाळंत होईस्तोवर हा अंगारा पाण्यातून घ्यायचा. डॉक्टरच्या गोळ्या बंद. गोळीनं लहर बिघडते."

"ब्लडप्रेशरची गोळी आहे महाराज," रेश्मा म्हणाली. "ती बंद करता येत नाही."

"मागच्या खेपेला गोळ्या घेतल्या होत्या ना?"

घेतल्या होत्या. लोहाच्या, कॅल्शियमच्या, डॉक्टरांनी दिल्या तेवढ्या सगळ्या घेतल्या होत्या. महाराजांना जे हवं होतं ते त्यांना तिच्या गप्प बसण्यात मिळालं.

गर्दी पांगल्यावर रंभाबाईनं गोळ्यांचं पाकीट उचलून आपल्या पिशवीत टाकलं. दुष्ट बाई नव्हती ती. मागच्या वर्षी दवाखान्याच्या व्हरांड्यात तिनं सुनेचं डोकं मांडीवर घेऊन सगळा दिवस काढला होता.

"आत्या, ती गोळी चुकवली तर मला झटका येऊ शकतो," रेश्मा म्हणाली. "बाळालाही धोका आहे."

"उद्याच्याला दूध उतू जाऊ दे. मग बगू." रंभाबाईनं पिशवीची गाठ मारली. "माझ्याच्यानं परत ते बगवायचं न्हाय, पोरी."

यावर वाद काय घालणार? दिवसभर शाळेत बोलायचं, मग डॉक्टरांशी, टेम्पोवाल्याशी, घरमालकाशी बोलायचं, आणि शेवटी सासूच्या भीतीशी बोलायचं. रेश्माच्या अंगात तेवढं त्राणच उरलं नव्हतं. डोकं मात्र ठणकायला लागलं होतं.

संध्याकाळी ती भांड्यांचा खोका उघडत होती तेव्हा शरणम्मा मागच्या दारात पातेलं घेऊन बसली. उद्याच्या शांतीसाठी ते परत चमकवायचं होतं. भिजवलेल्या चिंचेचा गोळा घेऊन ती आतून-बाहेरून घासत होती. पितळ उजळत गेलं. मग तिनं कोरड्या टॉवेलनं ते पुसलं आणि पालथं घातलं.

"अव्वा, धुतलं नाही?" रेश्मानं विचारलं.

"धुवायचं नसतं. महाराजांनीच सांगितलंय. पहिल्या दुधाच्या भांड्याला पाणी लावलं की लक्ष्मी वाहून जाते." शरणम्मा गुडघ्यावर हात टेकून उठली. "आणि पाणी तरी कुठं आहे, यव्वा? नळ पाच दिवसांनी. हंडाभर पाण्यात प्यावं का भांडी धुवावीत?"

हे मात्र खरं होतं. या वस्तीत बायका ताटंसुद्धा फडक्यानं पुसून लावत. न धुतलेल्या भांड्याचं सोलापुरात कोणाला नवल वाटणार? महाराजांनी जागा बरोबर हेरली होती.

रेश्मानं पातेल्यात बोट फिरवलं आणि जिभेला लावलं. तोंड आंबट झालं. दर वर्षी जून-जुलैत ती पोरांना चिंच आणि लिटमस पेपर आणायला लावी, आणि आंबटात दूध का फाटतं ते त्यांच्याकडून वदवून घेई. आज तिच्या डोळ्यांसमोर दूध फाटलं होतं आणि तिला फक्त आपलं पोट आठवलं होतं.

तिनं दोन वाट्या घेतल्या. एकीला आतून चिंच चोळून ती पुसली, दुसरी नुसती धुतली. दोन्हींत थोडं थोडं दूध तापवलं. चिंचेच्या वाटीतलं फाटलं, दुसरीतलं वर आलं. मग रेश्मा पिठाच्या डब्यावर बसली आणि रडली. त्या रडण्यात सुटका होती आणि रागही होता. एवढ्याशा चिंचेनं कोणीतरी तिच्या बाळाला हात घातला होता.

तिनं सासूला वाट्या दाखवल्या. रंभाबाईनं बघितल्या आणि मान हलवली. "वाटीतलं येगळं, घरातलं येगळं. तू शिकलेली हायस, तुला काय बी दाखवता येतंय."

तेव्हा रेश्माला कळलं, की हे चारचौघांत फाटलं आहे, आता चारचौघांतच सांधावं लागणार. तिनं पिण्याच्या हंड्यातलं पाणी काढलं आणि शरणम्माचं पातेलं खळखळून धुतलं, एकदा नव्हे, बोटाला आंबट लागेनासं होईपर्यंत. त्या वस्तीत असं पाणी ओतणं म्हणजे उधळपट्टीच. शरणम्मा बघत राहिली, पण अडवलं नाही.

सकाळी कालच्यापेक्षा जास्त माणसं जमली. महाराजांनी उदबत्त्या लावल्या, झोळीतून आपलं स्टीलचं भांडं काढलं आणि हुकूम सोडला, "आधी घराच्या पातेल्यात. दोष सगळ्यांना दिसू दे."

रेश्मानं पितळी पातेल्यात पेलाभर दूध ओतलं. सगळे फाटायची वाट बघत होते. दूध थरथरलं, फुगलं, आणि फेस धरून काठावरून गॅसवर सांडलं. चर्रर्र आवाज झाला. महिपती पहिल्यांदाच हसला.

महाराज एक क्षण गडबडले, आणि लगेच सावरले. अशी माणसं मांजरासारखी कशीही पडली तरी पायांवरच पडतात. "बघितलं? आम्ही उंबरा ओलांडला आणि दोष पळाला. मंत्रसुद्धा लागला नाही."

गर्दीनं हात जोडले. रंभाबाई तर पायाशी वाकलीच. "आता अंगारा चालू ठेवायचा," महाराज तिला म्हणाले. "गोळ्या बंदच."

रेश्माचे खांदे खाली आले. एवढं करून श्रेय गेलं महाराजांना आणि गोळी राहिली पिशवीत. तिला वाटलं, जाऊ दे, आता झोपावं. पण डोकं कालपासून ठणकत होतं आणि आत बाळानं कूस बदलली. ती सरळ झाली.

"महाराज, तुमच्या भांड्यातही एकदा होऊ दे," ती शांतपणे म्हणाली. "हे भांडं तुम्ही कशानं धुता?"

"गंगाजलानं."

"म्हणजे पाण्यानं. मग तुमची लक्ष्मी वाहून जात नाही?"

कोणीतरी फिसकन हसलं. रेश्मानं ओट्यावर ताटलीत आणून ठेवलेली भिजवलेली चिंच उचलली. "अव्वांना तुम्हीच सांगितलंय ना, चिंचेनं घासायचं, धुवायचं नाही, नुसतं पुसायचं. तसंच तुमचं भांडं घासते. दूध तुमचं, मंत्र तुमचे."

"आमचं भांडं सोवळ्यातलं आहे. त्याला हात लावू नकोस." महाराजांनी भांडं छातीशी धरलं.

त्याबरोबर शरणम्मा पुढं आली. तिनं रात्रीच्या पाण्याचा विचार सकाळपर्यंत केलेला दिसत होता. "द्या की महाराज," ती म्हणाली. "माझ्या पातेल्याला चिंच चालते, तुमच्या भांड्याला का नको?" आणि तिनं ते त्यांच्या हातातून काढून घेतलं.

तिनं स्वतः चिंच फिरवली, टॉवेलनं पुसलं, दूध ओतलं, गॅसवर ठेवलं. महाराज मंत्र म्हणत होते, आवाज मात्र चढत चालला होता. भांड्यात कडेला बुडबुडे धरले, मधोमध भेग पडली, आणि गोळे एकीकडे, हिरवट पाणी एकीकडे.

महाराजांनी झोळी उचलली. "नास्तिकांच्या घरात देव थांबत नाही," असं काहीसं पुटपुटत ते दाराकडे निघाले. दारात महिपती उभा होता. तो बाजूला झाला नाही.

"माझ्या बायकोची गोळी बंद करायला सांगितली तुमी," तो म्हणाला. "परत ह्या बोळात दिसलात तर पोलिसांना फोन करीन." एवढं बोलून त्यानं वाट दिली. भांडं मागायलाही महाराज थांबले नाहीत.

शरणम्मा ओट्यापाशीच उभी होती. "म्हणजे इतक्या जणांचं दूध मीच नासवलं?" ती म्हणाली. "माझ्याच हातानं? शांती करूनसुद्धा लोक माझ्या घराला वाईट म्हणून सोडून गेले की री."

"तुम्ही सांगितलं तसं केलंत, अव्वा," रेश्मा म्हणाली. मग ती बायकांकडे वळली. भाषण करायचं तिच्या मनात नव्हतं, आणि उभं राहणंही जड होत होतं. "यात जादू नाही. आंबट लागलं की दूध फाटतं, एवढंच. घरी जाऊन चिंचेची एक वाटी आणि धुतलेली एक वाटी घेऊन बघा, माझ्यावरही विश्वास ठेवू नका. आणि कोणी म्हणालं की घर वाईट, बाई वाईट, तर आधी भांडं धुवून बघा. माझं मूल मागच्या वर्षी गेलं, ते का गेलं हे डॉक्टरांनाही नीट सांगता आलं नाही. पण ते दुधानं गेलं नाही. माझ्यामुळंही गेलं नाही."

शेवटचं वाक्य तिनं आधी कधी कोणाला सांगितलं नव्हतं. स्वतःलाही नाही.

बायका एकेक करून निघाल्या. फाटलेल्या दुधात शरणम्मानं साखर घातली आणि गॅसवर ते आटवायला ठेवलं. टाकून कसं द्यायचं? त्याचा थोडा आंबटगोड वास घरभर पसरला, आणि खिडकीतली पोरं वाटी घेऊन परत आली.

रेश्मा वाटेतल्या वळकटीवर बसली. रंभाबाई कोपऱ्यात पाठमोरी होती, पिशवीची गाठ सोडत होती. गाठ तिनंच घट्ट मारली होती, लवकर सुटेना. मग ती पाण्याचा पेला घेऊन आली आणि सुनेसमोर खाली बसली. तिच्या तळहातावर गोळी होती.

"कालची चुकली," ती म्हणाली. "डॉक्टरला फोन करून इचार, आता काय करायचं. मीबी ऐकते."